पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी न उठणारी माणसं

दारू प्यायलेल्या माणसाच्या तोंडाला वास येतो. त्या सकाळी माझ्या तोंडाला दारूचा वास नव्हता. तरी अख्ख्या गावानं मला दारुडा ठरवलं. आणि त्या गावात दारूबंदीचा प्रचारक मीच होतो.

पहाटे जाग येते, डोकं साफ असतं, सगळं ऐकू येतं, पण हातपाय उचलत नाहीत, असं ज्यांना होतं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. घरचे म्हणतात सोंग. शेजारी म्हणतात दारू. म्हातारे म्हणतात बाहेरची बाधा. तिघांचंही चूक आहे. मी पत्रकं लिहिणारा माणूस, गोड करून सांगणं मला जमत नाही. जसं झालं तसं सांगतो.

रोडगे

आमचा जिल्हा कायद्यानं कोरडा आहे. कायदा झाला, भाषणं झाली, आणि वडनेरच्या अलीकडे-पलीकडे नाल्यानाल्यांत भट्ट्या लागल्या. आमच्या गावची भट्टी नामदेवची. ती कुठे आहे हे शाळेतल्या पोरांना माहीत होतं, फक्त ठाण्याला माहीत नव्हतं. यावर मी पत्रक काढलं आणि बायका जमवल्या. पुढे होती कौशल्याबाई. तिच्या नवऱ्यानं घरातली भांडी भट्टीवर पोचवली होती, त्यामुळे तिला पत्रक वाचून दाखवायची गरज पडली नाही.

मोर्चा सकाळी निघायचा होता. आदल्या दिवशी मी उन्हातान्हात सायकल मारत आजूबाजूची गावं पालथी घातली. संध्याकाळी मारुतीच्या पारामागे कुणाच्या तरी नवसाचे रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले, वर वांग्याची भाजी, आणि शेवटी गूळ चुरून. दिवसभर पोटात काही नव्हतं. वाढणारा म्हणाला, "घे बाप्पा, उद्या लाठ्या खाच्या हायेत." मी घेत गेलो. मग शाळेच्या ओसरीवर, झेंड्यांच्या ढिगाशेजारी, मित्र वामनसोबत आडवा झालो.

पहाटे कोंबड्यानं जागं केलं. पाय ओढायला गेलो, पाय आला नाही. वाटलं, मुंग्या आल्या असतील. पण मुंग्या नव्हत्या. सतरंजीची शिवण पोटरीला टोचत होती ती कळत होती. म्हणजे पाय माझाच होता, फक्त माझं ऐकत नव्हता. दुसराही नाही. मांड्या ओल्या पोत्यासारख्या जड. हात कोपरापर्यंत उचलला आणि पडला.

"वामन्या, मले उठव."

वामननं काखेत हात घालून उभं केलं आणि सोडलं. मी जागच्या जागी गोळा होऊन पडलो. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा हसला नाही.

गुळाचा वास

तोवर बायका जमायला लागल्या होत्या. नामदेवही आला होता, दात घासत, मजा पाहायला. मला पाहून त्यानं कडुनिंबाची काडी तोंडातून काढली.

"वा रे वा! दारू बंद करनाऱ्यालेच चढली! बाप पोळ्याले घेते, पोरगा रोडग्याले घेते!"

लोक हसले. माझ्या घरावर हे हसू जुनंच होतं, त्याचं पुढे सांगतो.

कौशल्याबाई हसली नाही. ती सरळ माझ्यापाशी आली, गुडघे टेकले, आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडाला नाक लावून वास घेतला. जिनं वीस-वीस वेळा दारात पडलेल्या नवऱ्याचा वास घेतला आहे, तिच्याहून मोठी तपासणी कोणती?

"दारू नाई," ती म्हणाली. "गुळाचा वास येऊन राह्यला."

"अवो कौशल्याबाई," नामदेव म्हणाला, "गुळाचीच तर काढतेत!"

त्यावर जो हशा पिकला त्यात माझा मोर्चा गेला. अर्ध्या बायका परत फिरल्या. उरलेल्या मूठभर घेऊन कौशल्याबाई ठाण्यावर गेली, तर जमादार म्हणाला, आधी तुमच्या पुढाऱ्याले शुद्धीवर आणा, मंग या. मी पूर्ण शुद्धीवर होतो. एकेक शब्द ऐकत होतो. नाकावर माशी बसली होती आणि ती मला हाकलता येत नव्हती.

एवढ्यात माय धावत आली. गर्दीनं तिला वाट दिली. ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि एवढंच म्हणाली,

"तू बी का रे?"

मला त्या सकाळी लोकांचं हसणंही एवढं लागलं नव्हतं.

सलाईन

वामननं बैलबंडी जुंपली, कुटारावर, म्हणजे बैलांच्या भुशावर, मला टाकलं आणि तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, "कमजोरी" म्हणाले आणि ग्लुकोजची बाटली लावली. आपल्याकडे माणूस पडला की बाटली. लोकही बाटली लावल्याशिवाय डॉक्टरला डॉक्टर मानत नाहीत. "चांगली मोठी लावा साहेब," वामननंच सांगितलं.

बाटली उतरत गेली तसे माझे खांदे गेले, मग बोटं गेली. उशीवरून मान वळेना. खोकला आला तर तो घशातच राहिला. त्या दुपारी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मरणाची नव्हे. भीती ही की मी मेलो तर लोक म्हणणार, दारूनं मेला, आणि नामदेव माझ्या तेरवीला लाडू खाऊन जाणार.

संध्याकाळी जीपनं वर्ध्याकडच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं.

वार्ड

मेडिसिनच्या वार्डात ज्या डॉक्टर मॅडम होत्या त्या वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या. शेतकऱ्याच्या घरच्या, मोर्शीकडच्या. त्यांनी आधी ग्लुकोज बंद केलं. मग गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाहिली, पाय हलला नाही. तळव्याला टाचणी टोचली, मी ओरडलो. "छान," म्हणाल्या. मला राग आला. माणूस ओरडतो आहे आणि बाई छान म्हणते.

"आता एका श्वासात जमतील तितके आकडे मोज."

"कायले?"

"श्वासाचे स्नायू किती दमात आहेत ते बघायचंय. आकडे नको तर घोषणा दे. तू घोषणावाला आहेस ना?"

मी 'दारूची भट्टी' एवढं म्हणालो आणि दम संपला. 'बंद करा' उरलं. त्यांनी मान डोलावली आणि नर्सला माझ्याजवळच बसवलं. छातीवर तारा लावून हृदयाची पट्टी काढली, रक्त नेलं. रक्तात पोटॅशियम नावाचा क्षार फार खाली गेला होता. मग त्याचंच औषध सुरू झालं. पेल्यात ओतलेलं पातळ, खारट, कडू, जिभेवर खिळा ठेवल्यासारखं. मला ते चमच्यानं पाजायला लागे. अर्धं गालावरून ओघळे.

वार्डात दिवस कसे जातात ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. फिनाईलचा वास, सकाळची झाडलोट, राऊंडच्या वेळी अचानक गप्प होणारे नातेवाईक. मला आठवते ती वार्डातली आया. ती येता-जाता न विचारता माझी मान या कुशीवरून त्या कुशीवर करून द्यायची. "खिडकीकडं पाहाचं का आता दाराकडं?" एवढंच विचारायची. मोठमोठ्या सभांत मला कुणी इतका मान दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उजव्या पायाचा अंगठा हलला. माय पायाशी बसली होती. तिनं पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं. 'तू बी का रे' नंतर ती माझ्याशी फारसं बोललीच नव्हती.

मॅडमचा प्रश्न

संध्याकाळी मॅडम आल्या. बाबा पलंगाच्या कडेला उभे होते. बसले की उठताना त्यांना गुडघ्यांवर हात दाबून, अंगावरच चढत गेल्यासारखं उठावं लागतं, म्हणून ते परक्या ठिकाणी बसत नाहीत.

"घरात आणखी कुणाला असं होतं?"

"नाई," मी म्हणालो.

"लकवा म्हणत नाही मी. खूप मेहनत, मग गोडधोड पोटभर जेवण, मग झोप, आणि सकाळी उठता येत नाही. सणावारी वगैरे. दुपारपर्यंत, संध्याकाळपर्यंत आपोआप बरं होतं."

माय खाली पाहून म्हणाली, "याचे बाबा. पन त्यायचं वेगळं हाये. त्यायचं पिन्याचं हाये."

आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत होतं. पोळ्याला बाबा बैलांमागे गावभर पळायचे, झडत्यांची गाणी म्हणायचे, पुरणपोळीवर ताव मारायचे आणि दुसऱ्या दिवशी उठायचे नाहीत. तो दिवस तान्ह्या पोळ्याचा. लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार बोजारा, म्हणजे सणाचे सुटे पैसे, मागायला येतात. नेमकं त्याच दिवशी सगळं गाव दारात येणार, आणि बाबा धान्याच्या कोठीमागे बाजेवर पडलेले. माय दार लोटून घ्यायची. पोरं फटीतून बघायची. मोठी झाली की सांगायची.

बाबा खिडकीकडे बघत होते. तसेच म्हणाले,

"मी कधी थेंब घेतला नाई."

"बोलू नका," माय म्हणाली. "मॅडमसमोर तरी खोटं बोलू नका."

"तुले शिशी सापडली का कधी?"

इतकी वर्षं माय गोठ्यातलं कुटार उपसत होती, बाटली शोधायला. मी लहानपणी पाहिलं आहे. तिला वाटे, बाबा फार हुशारीनं लपवतात.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं नं. लग्नाच्या पयल्या साली सांगतलं. तू म्हने, सगळे असंच सांगतेत."

मॅडम स्टूल ओढून बसल्या. राऊंड अर्धा राहिला होता, तरी बसल्या.

स्टार्टर

त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तेवढं लिहितो. चुकलं तर चूक माझी.

"तुमच्या विहिरीवर मोटर आहे ना?" त्यांनी बाबांना विचारलं. "होल्टेज कमी असलं की काय होतं?"

"स्टार्टर धरत नाई. टक करते अन् सोडून देते."

"मोटर जळलेली असते का?"

"नाई वो."

"विहीर आटलेली असते?"

"पानी भरून असते."

"तुमच्या अंगात हेच होतं."

मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो. स्नायूचा प्रत्येक धागा बारीक कातडीत गुंडाळलेला असतो आणि त्या कातडीवर वीज असते. अगदी थोडी, पण खरी. हुकूम आला की ती वीज लाटेसारखी पसरते. ती नुसती वरवर राहिली तर उपयोग नाही, म्हणून कातडीच जागोजागी आत बिळासारखी शिरलेली असते. त्या बिळांच्या भिंतीत दारं असतात, कॅल्शियमची. ही दारं विजेवर चालतात. होल्टेज बदललं की ती कूस बदलतात.

"म्हणजे ते दार उघडून बाहेरचं कॅल्शियम आत येते?" मी विचारलं.

"हृदयात तसंच आहे, बाहेरून आत यावंच लागतं. पण हातापायाच्या स्नायूत गंमत आहे. तिथं ते दार स्टार्टरसारखं काम करतं. आत, शेजारीच, कॅल्शियमची भरलेली विहीर असते. दारानं कूस बदलली की त्या विहिरीची झडप सुटते. कॅल्शियम धाग्यांत पसरतं, धागे एकमेकांवरून सरकतात, स्नायू आखडतो, हात उचलला जातो. काम झालं की कॅल्शियम उपसून पुन्हा विहिरीत. हात सैल. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात हे सगळं होऊन जातं."

"अन् आमचं?"

"मेहनतीनंतर भरपूर गोड, पिठूळ खाल्लं, मग झोपलात, की रक्तातलं पोटॅशियम स्नायूंमध्ये ओढलं जातं. सगळ्यांचंच थोडं जातं, त्यांना काही होत नाही. तुमच्या घराण्यात तेवढ्यानं कातडीवरच्या विजेचा ताल बिघडतो. मग लाट उठत नाही, दारं हलत नाहीत. विहीर भरलेली, मोटर चांगली, स्टार्टर धरत नाही. पोटॅशियम जागेवर आलं की पुन्हा सुरू. ग्लुकोजनं ते आणखी ओढलं गेलं, म्हणून त्या बाटलीनं तू जास्त लुळा झालास."

"पन आमच्याच घरी काऊन?" मायनं विचारलं.

"जन्मतःच काहीतरी वेगळं असतं. बापाकडून पोराकडे येतं. नेमकं कोणतं दार बिघडलेलं आहे, हे अजून कुणीच सांगू शकत नाही. शोधणारे शोधताहेत."

मला हे उत्तर आवडलं. माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा माणूस आमच्या चळवळीतही विरळा.

माय बाबांकडे वळली. मग म्हणाली, "म्हनजे मी इतके वर्सं कुटारच उपसत बसली."

"बैलाइचं बरं झालं," बाबा म्हणाले. "कुटार हलत राह्यलं."

ती हसली. मग रडली. आया येऊन मला खिडकीकडे वळवून गेली.

दारुड्याला पोरगी मिळते

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, गावाला का नाही सांगितलं? ते म्हणाले, पोरगा असताना पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्यांच्या वडिलांनी भगताला आणलं. भगतानं भूत उतरवायला कडुनिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी झोडपलं. अंग हलत नव्हतं, पण लागत तर होतं.

"मंग कोनी म्हने पिला असन. मी म्हटलं, बरं हाये. पिलेल्याले कोनी हात लावत नाई. पडू देतेत."

आणि दुसरं कारण. भूत लागलेल्याला, लकवा येणाऱ्याला मुलगी कोण देणार? दारुड्याला मिळते.

हे वाक्य मी पत्रकात छापलं असतं तर लोकांनी अतिशयोक्ती म्हटलं असतं. माझ्या घरात ते चूल पेटल्यासारखं रोजचं होतं. आजारी माणसाला दारुड्याचं नाव घेऊन जगावं लागतं, कारण या समाजात दारुड्याला जागा आहे आणि आजाऱ्याला नाही. मी दारूच्या विरोधात इतकं लिहिलं, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

माझंही तेच होणार होतं. वामन म्हणाला, "काविळ झालती म्हन्जो. नाईतर तुले कोन पोरगी देईन?" मी कौशल्याबाईकडे गेलो. म्हटलं, माझ्या नावावर आता डाग आहे, मोर्चा तुम्हीच चालवा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. स्टार्टरचं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तू ये. नाई उठला तं बंडीत टाकून नेऊ. पन आधी सगळ्याइले सांगून ठेव. मी कितीकाचा वास घेऊ?"

पारावर सांगितलं. काही हसले. नामदेवनं विचारलं, "मंग तुले करंटच लावून पाहू का?" मी म्हटलं, "तुझ्या भट्टीले लागन तो." दुसऱ्या मोर्च्याच्या आदल्या रात्री अर्धी भाकर आणि वरण खाल्लं, गूळ नाही. सकाळी चालत गेलो. भट्टी नाल्याच्या त्या काठावरून या काठावर आली. एवढंच झालं. लढाई चालू आहे.

तुमच्यासाठी

पोटाला तडस लागेपर्यंत खाऊ नका, विशेषतः दमून आल्यावर. थोडं थोडं खा. गोड कमी. पाय जड वाटायला लागले तर पडून राहू नका, हळूहळू घरात फिरा. पोटॅशियमचं औषध डॉक्टरच्याच हिशेबानं घ्या. जास्त झालं तर तेच हृदयाला धोका करतं. श्वासाला जड जात असेल, खोकता येत नसेल, तर घरी थांबू नका, मोठा दवाखाना गाठा. आणि कोणी ग्लुकोज लावायला आलं तर तोंड चालत असेतो सांगा, मला याचा त्रास आहे. लाजू नका. मी लाजलो असतो तर हे लिहिलं नसतं.

घरच्यांसाठी एकच. माणूस पडलेला असताना त्याला सगळं ऐकू येतं.

पोळा

यंदा पोळ्याला मायनं बाबांना एकच पोळी वाढली. बाबांनी ती खाल्ली, आणि माय वासरांकडे गेली तेव्हा आणखी दोन खाल्ल्या. मी पाहिलं. वर्षभर बैल ओढतात त्यांचा सण, आणि त्यांच्या मालकानं एका पोळीवर उठायचं? मी गप्प बसलो.

सकाळी ते उठले नाहीत.

मायनं औषधाचा पेला आणला, चमच्यानं पाजला, पाजता पाजता भरपूर बोलली. मग वामनला हाक मारली. मला वाटलं, कोठीमागे हलवणार. दोघांनी बाज उचलली आणि ती बाहेर आणली, ओसरीवर, रस्त्यासमोर. बाबांच्या पाठीशी उशी लावली. दार सताड उघडं.

लाकडी बैल घेऊन पोरं आली. माय प्रत्येकाच्या हातावर बोजारा ठेवत होती. मागून नामदेव आला, नातवाचा बैल धरून. बाजेकडे बघून त्यानं मिशीला हात लावला.

"काय वो वहिनी, भाऊ आज बी उठले नाई वाट्टे?"

"नाई उठले," माय म्हणाली. तिनं आवाज जरासुद्धा खाली केला नाही. "काल पोया जास्त झाल्या. अंगातला स्टार्टर धरून नाई राह्यला. दुपारपर्यंत धरते. तुमाले खोटं वाटत असन तं या, वास घेऊन पाहा."

नामदेव पायरीखालीच थांबला. पोरं एकदा बाबांकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

"ये नं नामदेव," बाबा बाजेवरून म्हणाले. "तुह्या तोंडाचा येते मले, माह्याचा तुले येऊन पाह्य."

आणि माय, दारातच उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हसली.